पानामागची चिठ्ठी

यशवंता गोळे दाराशी आला तेव्हा शेवंताबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याचं डोकं भादरलेलं होतं. बायकोचं, हौसाचं, दहावं कालच झालं होतं. शेवंताबाईंनी सूप बाजूला सरकवलं आणि त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"सिस्टर, एक विचारायला आलो," तो म्हणाला. "माझं चुकलं कुठं?"

शेवंताबाई सिस्टर नव्हत्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं आया म्हणून त्यांनी फरशा पुसल्या, चादरी धुतल्या, स्ट्रेचर ढकललं. पण कुंभारखिंडीच्या पंचक्रोशीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी फोनवर एक पान काढलं होतं, साप चावल्यावर काय करायचं ते सांगणारं. पेंढा रचायच्या दिवसांत घोणस चावून दरवर्षी माणसं जात. दवाखान्यात इंजेक्शन होतं, डॉक्टर होते, पण माणसं आधी भगताकडे जात आणि अंग काळंनिळं पडल्यावर दवाखान्यात येत. हे थांबावं, एवढ्यासाठी ते पान.

"काय काय केलंस ते सांग," शेवंताबाई म्हणाल्या.

"अकराच्या सुमारास पेंढीतनं घोणस चावली. मला वाचता येत नाही, पण तुमचं पान बोलतं हे ठाऊक होतं. लावलं. तुम्ही म्हणालात, घाबरू नका, पाय हलवू नका, दोरी बांधू नका. नाही बांधली. भगताकडे नेऊ नका म्हणालात. नाही नेलं. मग म्हणालात, गारुडमूळ चूर्ण दोन चमचे कोमट पाण्यातनं द्या आणि तासभर पडून राहू द्या. दुकानात होती पुडी. दिली. तासभर वाट बघितली. तुम्ही सांगितलंत त्यातलं एकही मोडलं नाही मी."

शेवंताबाईंच्या हातातले खडे खाली पडले. "मी चूर्णाचं कधी बोलले रे?"

यशवंतानं फोन काढला आणि पान लावलं. त्यांचाच आवाज आला. दोन वर्षांपूर्वी वाचून दाखवणारं यंत्र आलं तेव्हा त्यांनी तीन दुपारी त्याच्याशी बोलून आपला आवाज त्याला दिला होता. तेव्हापासून पानावर लिहिलेला कुठलाही मजकूर ते त्यांच्या आवाजात म्हणे. त्यांच्यासारखंच मध्ये थांबे, "हं का" म्हणे. शेवंताबाईंना त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. आता तोच आवाज म्हणाला, "भगत कडुनिंबाचा पाला चावायला देतो, गोड लागला तर विष आहे म्हणतो. त्यावर जाऊ नका, हं का." आणि श्वासही न घेता पुढे म्हणाला, "घरात गारुडमूळ चूर्ण ठेवा बरं. दोन चमचे, कोमट पाण्यात. तासाभरात उतार पडतो." मग पुन्हा त्यांचं स्वतःचं, "आता गाडी बोलवा."

पान पुरं संपल्यावर, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात, घाईघाईनं एक ओळ आली. "मधला काही भाग जाहिरातीचा होता." तोवर थांबून ती ओळ ऐकणारं माणूस कुठलं असायला!

"तुझं काही चुकलं नाही, यशवंता."

"मग कुणाचं?" तो म्हणाला. भांडायला नव्हे, खरंच विचारायला.

*

त्यांची मुलगी तेजस्विनी पुण्यात फोनवरच्या जाहिरातींच्या धंद्यातल्या एका कंपनीत होती. चाळिशीची बाई, एकटी राहणारी, कामात वाघीण. त्यांनी फोन केला तेव्हा तेजू आधी सगळं ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, तुला हे आधीच सांगायला हवं होतं मी. माझ्या लक्षातच आलं नाही, की तुझं पान पण पानच आहे."

"ते मेलं यंत्र माझ्या तोंडात शेण घालतं कसं, ते सांग."

तेजूनं सांगितलं. पूर्वी जाहिरातवाले माणसाच्या मागे मागे फिरत. तू काय घेतलंस, कुठं गेलीस, सगळं टिपून ठेवत. कायद्यानं त्याला बंदी आली. माणसाकडे बघायचं नाही म्हटल्यावर ती यंत्रं पानाकडे बघायला लागली. पानावर कुठले शब्द आहेत, कितीदा आहेत, मथळा काय, हे ती वाचतात. आणि पानाच्या पाठीमागे एक चिठ्ठी असते, वाचणाऱ्याला न दिसणारी. हे पान कशाबद्दल, कुणासाठी, ते तिच्यात लिहिलेलं असतं. तिला मेटा टॅग म्हणतात. शोधणाऱ्याला पान सापडतं ते बहुतेक त्या चिठ्ठीच्या जोरावर, आणि जाहिरातीला जागा सापडते तीही तिच्याच जोरावर.

"बाजारात कसं असतं?" तेजू म्हणाली. "देवळापाशी नारळवाला बसतो, स्टँडवर रसवाला. गिऱ्हाईक कोण आहे हे त्यांना ठाऊक नसतं, जागा ठाऊक असते."

"पण मी तर मुळ्या देऊ नका म्हणून लिहिलंय! एवढं कळत नाही त्याला?"

"कळतं, आई. नीट कळतं. तू मनाई करतेस हेही कळतं, आणि जिला मनाई करावी लागते तीच बाई चूर्ण घेईल हेही कळतं. दवाखान्यावर विश्वास असलेलं माणूस तुझं पान लावतच नाही, ते थेट गाडीत बसतं. तुझ्या पानावर येतो तो डगमगणारा. चूर्णवाल्याला तोच हवा असतो."

"तुझ्या कंपनीत हेच चालतं?" शेवंताबाईंनी विचारलं.

"हेच चालतं," तेजू म्हणाली.

जाहिराती नकोतच म्हटलं तर पान मुकं झालं असतं. वाचणारं यंत्र जाहिरातवाल्यांचंच होतं, आणि ज्यांच्यासाठी पान काढलं त्यांतल्या निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. तेजूनं चूर्णाची बंदी नोंदवली. दुसऱ्या दिवशी तोच माल काढा म्हणून आला. काढ्याची बंदी नोंदवली, तर मंतरलेला गंडा आला. शेवटी तेजू म्हणाली, "एकच उपाय आहे. त्याला टांगायला खुंटीच ठेवायची नाही. भगत, मुळी, पाला, उतारा, सगळं पुसून टाक. पानावरचंही आणि मागच्या चिठ्ठीतलंही."

त्यांनी पुसलं. पान धुतल्या पाटीसारखं स्वच्छ झालं. आता मध्येच फार तर गमबुटांची नाहीतर बॅटरीची जाहिरात लागे. शेवंताबाईंना हायसं वाटलं, पण ते पंधरा दिवसच. पान किती जणांनी ऐकलं याचा आकडा तेजू बघत असे. पेंढ्याच्या दिवसांत पंधरवड्याला तीनशे असायचे, ते अकरावर आले. त्यातले आठ जण परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आले होते. पेंढीपाशी कळवळत बसलेलं माणूस फोनला दवाखाना विचारत नाही. ते विचारतं, भगत कुठं भेटेल, मुळी कुठली द्यायची. ते शब्द पानामागच्या चिठ्ठीत आता नव्हतेच. पान शुद्ध होतं आणि कुणाला सापडत नव्हतं.

*

त्याच आठवड्यात धोंडू भगत आला. पन्नाशीच्या आतबाहेरचा, कपाळाला भंडारा, अंगात दवाखान्यातल्या वॉर्डबॉयसारखा निळा शर्ट. अंगणाच्या कडेलाच उभा राहिला.

"आत येऊ का सिस्टर? का भगताची सावली चालत नाही?"

"ये. पण उतारा करणार असशील तर बाहेरच थांब."

"तुमचा उतारा कोण करणार!" तो हसला आणि पायरीवर टेकला. "मला वाटलं होतं, मुळ्या विकायचा धंदा माझा. तुम्ही तर माझ्यापेक्षा मोठं दुकान काढलंत, तेही घरबसल्या."

शेवंताबाईंना ते लागलं. त्या म्हणाल्या, "ती मी नव्हते."

"ठाऊक आहे. यशवंतानं सांगितलं." धोंडूचं हसू मावळलं. "तेच सांगायला आलोय. तुम्ही पानावरनं आमचं नाव पुसलंत. आता तुमचं पान कुणाला लागत नाही आणि सगळे माझ्याकडे येतात. या आठवड्यात दोघं आले. दोघांनाही मी दारातनंच दवाखान्यात पिटाळलं. एकाच्या हिरड्यांतनं रक्त येत होतं. तसलं मी ठेवून घेत नाही. माझा बापही घेत नसे."

शेवंताबाईंनी मान वळवली.

"छत्तीस वर्षं तुम्ही सांगत आलात, भगतानं खोळंबवलं म्हणून शिवराम गेला," धोंडू म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी बारा वर्षांचा होतो, सिस्टर. ओट्यावर उभा होतो. बापानं मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. म्हणाला, बाईचा नवरा गेलाय, तिला कुणाला तरी दोष देऊ दे. मीही बोललो नाही, पुढंही बोलणार नाही. पण हौसा गेली तेव्हा वाटलं, तुम्हाला एकदा तरी आठवण करून द्यावी."

तो उठला. पाणीसुद्धा न पिता गेला.

*

शेवंताबाई काहीही विसरल्या नव्हत्या.

त्या वर्षी कार्तिकात, भर दुपारी, शिवरामला मनगटावर घोणस चावली. दवाखाना पन्नास मिनिटांच्या वाटेवर. दवाखान्याकडे गाडी मिळाली नाही म्हणून भगताकडे नेलं आणि त्यानं खोळंबवलं, असं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. तेजूलाही. पण गाडी होती. बाजाराची जीप दारात उभी होती आणि ड्रायव्हर दवाखान्याकडेच वळवत होता. शेवंताबाईंनीच ती फिरवायला लावली.

त्या महिन्यात साप चावलेली तीन माणसं त्यांनी स्वतः स्ट्रेचरवरून शवागारात ढकलत नेली होती. तिघांच्याही चादरी त्यांनीच धुतल्या होत्या. आणि राघो भगताकडे, धोंडूच्या बापाकडे, गेलेली पाचजणं त्यांच्या डोळ्यांसमोर बाजारात हिंडत होती. हिशेब सरळ दिसत होता. दवाखान्यात जातो तो मरतो. विष न सोडताच पुष्कळदा साप चावतो, तसल्यांना भगताकडे बरं वाटतं आणि खरं विष भिनलेलं माणूस उशिरानं दवाखान्यात येऊन मरतं, हे त्यांना डॉक्टरांनी समजावलं ते पुढे सहा महिन्यांनी. दवाखान्यात कामाला असलेल्या बाईनंच दवाखान्यावर विश्वास ठेवला नाही, कारण मरणारे तिला रोज दिसत होते.

राघो भगतानं शिवरामच्या हिरड्या बघितल्या आणि तो ओरडला, "हे माझ्या हातचं नाही, गाडी वळवा!" शेवंताबाईंनी त्याचे पाय धरले. तिकडे माणसं मरतात, मी रोज बघते, तुम्ही उतरवा, म्हणून हटून बसल्या. त्या हट्टात दोन तास गेले.

*

"मरणाच्या पानाजवळ जाहिरात लागते का गं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तेजूला फोनवर विचारलं.

"नाही लागत. कुठलाच धंदेवाला आपला माल तिथं मांडू देत नाही. प्रेतयात्रा जाताना दुकानदार शटर ओढतो, तसं. शोकाची पानं यंत्र तशीच वाचतं, जाहिरातीशिवाय. कंपनीनंच तसा नियम केलाय, तेवढी लाज ठेवलीय. का?"

"मग माझं पान शोकाचं केलं तर? भगत, मुळी, सगळे शब्द परत घालून?"

तेजूमधली कामसू बाई जागी झाली. "चालेल. पण नुसतं चिठ्ठीत 'शोक' लिहून भागत नाही. लोक फसवायला लागले म्हणून यंत्र सगळा मजकूर जोखतं. खरं मरण लागतं. नाव, तारीख, गाव, काय घडलं ते सगळं, आणि तेच पानभर. शिवाय मेलेल्याच्या रक्ताच्या नातेवाइकानं ते खरं असल्याची मंजुरी द्यावी लागते. हौसाबाईचं लिहितेस? यशवंताला विचारलंस?"

शेवंताबाईंनी त्याचा विचार केला होता. यशवंता नाही म्हणाला नसता. पण मग सबंध मुलखाला कळलं असतं, की बायकोच्या तोंडात चूर्ण घालून तो तासभर बसला. तिचे भाऊ आत्ताच त्याच्या अंगावर धावून जात होते. आपल्या आवाजानं केलेला घात त्याच्या नावावर चढवायचा, हे त्यांच्यानं होणार नव्हतं.

"हौसाचं नाही," त्या म्हणाल्या. "मंजुरी तुझीच लागेल. लिहून पाठवते."

"बाबांचं? दवाखान्याकडे गाडी मिळाली नाही आणि भगतानं खोळंबवलं, एवढंच ना? त्यात आणखी काय लिहायचं?"

"लिहून पाठवते," शेवंताबाई पुन्हा म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

चार दिवस लागले. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं. एकेक ओळ त्या आधी वहीत लिहीत आणि मग फोनवर उतरवीत. शिवराम बाळू दळवी, वय बत्तीस, राहणार कुंभारखिंड. गाडी होती. मी फिरवली. राघो भगत दवाखान्यात न्या म्हणाला. मी नेलं नाही. मी दवाखान्यात नोकरीला होते. कडुनिंबाचा पाला मी स्वतः त्याच्या तोंडात घातला. त्याला तो कडू लागला, म्हणून मला आनंद झाला. संध्याकाळी पाचला तो गेला. त्याच्यामागोमाग, काय करायचं आणि काय नाही, ते सगळं. पानामागच्या चिठ्ठीत त्यांनी तेजूनं शिकवल्याप्रमाणे शब्द घातले: भगत, मुळी, पाला, उतारा, साप, शोक, शिवराम.

त्यांनी ते पाठवलं आणि फोन पालथा घालून ठेवला.

*

सहाव्या दिवशी दुपारच्या एसटीनं तेजू आली. पिशवी नाही, काही नाही. ओटीवर बसली. शेवंताबाईंनी चहा पुढे ठेवला, तो तसाच निवत राहिला.

"मंजूर केलंस?" शेवंताबाईंनी विचारलं.

"नाही. त्यात एक खोटं आहे."

"एक अक्षर खोटं नाही, तेजू. कुठल्याही देवाची शपथ घ्यायला सांग."

"तू लिहिलंयस, मुलगी चार वर्षांची होती, तिला शेजारी ठेवलं." तेजू अंगणाकडे बघत बोलत होती. "मी शेजारी नव्हते. जीपमध्ये होते, पुढच्या सीटवर. एक म्हातारा बॉनेटवर हात आपटत ओरडत होता, वळवा, वळवा. मला वाटायचं, तो आपल्याला हाकलतोय. आपण बाबांना घेऊन आलोय म्हणून चिडलाय. मोठी होईस्तोवर तो माझ्या स्वप्नात यायचा. तू राघो भगताला शिव्या द्यायचीस तेव्हा मला बरं वाटायचं."

शेवंताबाईंना खरंच आठवत नव्हतं. त्या दुपारी लेक कुठं होती, याची त्यांना शुद्धच नव्हती.

"माझा राग येतोय?" त्यांनी विचारलं.

"येतोय. किती आहे ते अजून कळत नाही." तेजूनं डोळे पुसले, फोन काढला आणि ती ओळ सुधारली. मुलगी जीपमध्ये होती. "आणखी एक सांगते. यावर मंजुरी दिली की माझ्या साहेबांना कळेल, आमच्या जाहिराती चुकवायला कुणी मरण पुढे केलंय, आणि ते कुणी केलंय तेही. नोकरी राहील असं वाटत नाही."

"मग नको देऊस."

"म्हणजे परत एकदा गाडी फिरवायची?" तेजू एकदम म्हणाली. मग तिनं मंजुरी दिली.

ती राहिली नाही. चारच्या गाडीनं परत गेली. शेवंताबाई फाट्यापर्यंत सोबत गेल्या.

संध्याकाळी शेवंताबाई धोंडू भगताच्या घरी गेल्या. त्यांनी ओट्यावर बसून, त्याच्या घरच्या सगळ्यांसमोर, फोनवर पान लावलं. त्यांचाच आवाज, न अडखळता, न रडता सगळं सांगत गेला. यंत्राला रडता येत नव्हतं. मध्ये कुणी काही विकलं नाही. राघो भगताचं नाव आलं तेव्हा धोंडूनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्यानंतर गावात कुणी शेवंताबाईंशी बोलायचं टाकलं, कुणी मुद्दाम येऊन बोललं. शिवरामच्या चुलत भावानं दारात उभं राहून नाही नाही ते बोलून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. तेजूचा फोन आला नाही. तिची नोकरी गेल्याचं त्यांना दुसऱ्याच कुणाकडून कळलं. पान ऐकणाऱ्यांचा आकडा आता त्यांना सांगायला कोणी नव्हतं.

महिन्याभरानं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. घाटाखालच्या वाडीतून एका साठीच्या माणसाला आणलं होतं, घोणसच. वेळेवर आणला, वाचला. त्याचा मुलगा म्हणत होता, भगत शोधायला फोन लावला तर एक बाई आपल्या नवऱ्याच्या मरणाचं सांगायला लागली.

"पुरतं ऐकलं का त्यांनी?" शेवंताबाईंनी विचारलं. "पुढे सगळं सांगितलंय, पाय कसा ठेवायचा, काय द्यायचं नाही..."

"कुठलं! पाला तोंडात घातला तिथपर्यंतच ऐकलं म्हणे. पुढचं ऐकवेना, उठले आणि गाडी काढली."

शेवंताबाईंनी तेजूचा नंबर लावला. बराच वेळ वाजला आणि मग तिनं उचलला. त्यांनी घडलं ते थोडक्यात सांगितलं.

"किती वेळात पोचले?" तेजूनं विचारलं.

"चाळीस मिनिटांत."

"आपल्याला किती लागली असती?"

"पन्नास," शेवंताबाई म्हणाल्या.

तेजूनं फोन ठेवला नाही. शेवंताबाईंनीही ठेवला नाही.